देणारी गल्ली

आमच्या गल्लीत कुणी उन्हाला शिवी दिली की मॅडम जागच्या जागी थांबायच्या. नांदेडचा मे महिना म्हणजे माणूस सकाळी नऊलाच कपाळ पुसत "काय मरणाचं ऊन हाय" म्हणतो. त्यात त्याच्या मनात काही नसतं. पण मॅडमना ते ऐकवत नसे. त्या वळून त्या माणसाजवळ जायच्या आणि शांतपणे सांगायच्या, "दारी आलेल्याला असं बोलू न्हाई." तो बिचारा बायकोच्या बांगड्या भरून होईपर्यंत माझ्या दुकानासमोर ताटकळत असायचा. आपण कुणा पाहुण्याला बोललो की काय, या विचारानं तो गडबडून इकडं तिकडं बघायचा. मग मी आतून सांगायचो, "भाऊ, उन्हाबद्दल म्हणून राहिल्या त्या."

माझं बांगड्यांचं दुकान त्यांच्याच इमारतीत. नांदेडच्या जुन्या बाजारातली आमची गल्ली अरुंद, दोन्ही अंगांनी दुकानंच दुकानं. साड्या, भांडी, चपला, मोबाईल. मॅडमच्या इमारतीत खाली आम्ही चार भाडेकरू आणि वर त्या एकट्या. वीज खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेल्या. मूळ गाव बिलोलीच्या पुढं. लग्न केलं नव्हतं. भाऊ वारलेला, पुतणे पुण्याला. पुतण्यांचा फोन चौदा एप्रिलला यायचा, तोही मॅडमनी आधी केला तर.

उंच, काटकुळ्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पुरुषांची उन्हाळी टोपी. बाकीच्या बायका खांद्यावर पदराला पिन लावतात, तिथं यांचा वायरमनचा टेस्टर खोचलेला. गल्ली त्यांना पाठीमागं "सर्किट मॅडम" म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा मलाच म्हणाल्या, "चुकीचा शब्द हाय भाई. सर्किट पूर्ण असलं तर दिवा लागतो. मला म्हणायचंच असेल तर तुटलेलं सर्किट म्हणा." आणि हसल्याही नाहीत.

दुपारी एकला गल्ली अर्धी शटर ओढून जेवायला बसायची, तेव्हा मॅडम गच्चीवर जायच्या. पहिल्यांदा मला वाटलं पापड घालतात. वर जाऊन बघितलं तर त्या कठड्याला टेकून नुसत्या उभ्या. समोर गल्लीतल्या सगळ्या गच्च्या. कुठं फुटक्या खुर्च्या, कुठं जुने कुलर, कुठं जाहिरातीचा लोखंडी सांगाडा, आणि सगळ्यांवर पांढरं फटक ऊन.

"हे सगळं वाया जाऊन राहिलं," त्या म्हणाल्या.

"काय, मॅडम?"

त्यांनी हात फिरवून सगळ्या गच्च्या दाखवल्या. "कुठं तरी कोळसा जळतो, तेव्हा खाली तुमच्या बांगड्या चमकतात. आणि इथं डोक्यावर एवढं पडून हाय, ते कुणी उचलत न्हाई. घेणारी गल्ली हाय ही, भाई. मला देणारी पायजे."

त्यांच्या डोक्यात होतं ते एवढंच. साऱ्या गच्च्यांवर सोलर बसवायचे, त्या एकमेकींना जोडायच्या, खाली दुकानांतली उधळपट्टी कमी करायची. आणि एक दिवस असा यावा की गल्ली दिवसभरात जेवढी वीज वापरते, त्याहून जास्त तिनं बनवावी आणि उरलेली शहराला द्यावी. ऐकायला सोपं. पण आमच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ एका मीटरवर नांदत नाहीत. तिथं सगळी गल्ली एका वायरीवर आणायची म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

त्यांची एक सवय मला फार दिवस उमगली नव्हती. येता-जाता कुठं रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पण दुसऱ्याच्या बटनाला त्या कधी हात लावायच्या नाहीत. उंबऱ्यात उभं राहून विचारायच्या, "बंद करू का?" हो म्हटलं तर आत येऊन बंद करायच्या. नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात. एकदा मी पाण्याच्या टाकीचं काही बघायला वर गेलो होतो. परत उतरताना त्यांनी जिन्याच्या तोंडाशी विचारलं, "जिन्यातला बंद करू का?" मी पार खाली आलो, चपला घातल्या, "करा" म्हणून ओरडलो, तेव्हा कुठं दिवा गेला.

याचं कारण त्यांनी सांगितलं ते रमझानातल्या एका दुपारी. मला रोजा होता, गिऱ्हाईक नव्हतं, मी गुमसुम बसलो होतो. मॅडम येऊन समोरच्या स्टुलावर बसल्या. आज चहाचा आग्रह होणार नाही, हे माहीत असल्यामुळं की काय, आपणहून बोलायला लागल्या.

नोकरीत असताना त्यांची धर्माबादकडच्या एका सबस्टेशनला बदली झाली होती. लोडशेडिंगची वर्षं. वरून फोन यायचा, अमुक लाईन पाडा. मॅडम खटका ओढायच्या आणि दहा-बारा गावं अंधारात जायची. लोक फोन करून आईबहिणीवरून बोलायचे. "त्याचं काही वाटत नव्हतं," त्या म्हणाल्या. "शिव्या देणारा शिव्या देऊन मोकळा होतो."

पण एका उन्हाळी दुपारी एक म्हातारी चालत आली. ओरडली नाही, रडली नाही. आत येऊन फरशीवर बसली. तिचा पोरगा तापानं फणफणला होता आणि घरातला पंखा थांबला होता.

"बाई, ते बटन तूच दाबतीस का?"

"हाव, आजी."

"मग दाब की उलटं."

"मला तसा हुकूम न्हाई."

म्हातारी पदरानं वारा घेत तिथंच बसून राहिली. मॅडमनी पाणी दिलं, ते प्याली. वेळ झाल्यावर मॅडमनी लाईन चालू केली. वरची ट्यूब फडफडली, तशी म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. दारात वळून म्हणाली, "दिवा घालवताना माणसाला विचारावं, माय. न्हाई म्हणायला तरी मिळतं."

"पोरगा बरा झाला का?" मी विचारलं.

"मी गेलेच न्हाई त्या गावाला," मॅडम म्हणाल्या. "धाडस झालं न्हाई." मग उठून त्यांनी साडी झटकली आणि दुकानातल्या जळत्या दिव्यांकडं बोट करून विचारलं, "मागची रांग बंद करू का?"

मी हो म्हणालो. त्या दिवशी नाही म्हणणं मला जमलं नसतं.

गल्लीतली सगळ्यात मोठी गच्ची साडीवाल्या सेठची. त्यांचं दुकान तीन मजली, पूर्ण एसी. वर जाहिरातीचा तो लोखंडी सांगाडा, त्याची सावली शेजारच्या तीन गच्च्यांवर पडायची. सेठ हो म्हणाले नाहीत तर बाकीच्यांनी हो म्हणून उपयोग नव्हता, आणि सेठ हो म्हणाल्याशिवाय बाकीचे म्हणणारच नव्हते. म्हणून मॅडम दर मंगळवारी त्यांच्याकडं जायच्या. नव्या सेल्समनला वाटायचं गिऱ्हाईक आलं, तो धडाधड साड्या उलगडायचा. मॅडम त्यांच्या घड्या घालत बसायच्या.

सेठ माणूस वाईट नव्हते. चहा पाजायचे, खुर्ची द्यायचे आणि नाही म्हणायचे. "मॅडम, मी साड्या विकतो. विजेचा धंदा करायचा असता तर पोलवर चढलो नसतो का?"

"धंदा न्हाई सेठ. वाटायची हाय."

"मग तर आणखीच घाट्याचं काम."

मॅडम उठायच्या, "येते पुढच्या मंगळवारी" म्हणायच्या. एखाद्याच्या घरी पाहुणे म्हणून जावं तसं जायच्या. मला कधी कधी वाटायचं, की आठवड्यात त्यांना कुठं तरी जायचं असतं असा तो एकच दिवस होता. सेठ हो म्हणाले असते, तर मंगळवार रिकामा पडला असता.

मग एका ऐन लग्नसराईत गल्लीची डीपी, म्हणजे कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. दुपारची वेळ, धूर निघाला, मोठा आवाज झाला आणि सगळं थंड. वीज खात्याकडं दुसरी डीपी नव्हती. येईल तेव्हा येईल. एसीच्या दुकानात खिडकी नसते. सेठच्या दुकानातून नवऱ्या मुली घामाघूम होऊन बाहेर पडायला लागल्या.

उजेड होता तो फक्त आमच्या चार दुकानांत. मॅडमनी स्वतःच्या गच्चीवर सोलर आणि जिन्याखाली बॅटऱ्या आधीच बसवल्या होत्या. त्या दिवशी माझ्याकडं हिरव्या चुड्यासाठी बायकांची एवढी गर्दी, की मला दम घ्यायला फुरसत नव्हती. गल्लीभर एकच हाक, "ओ मॅडम! आमचं काय?" त्या दुकानादुकानांत जात होत्या. कुणाचं वजनकाट्याचं मशीन, कुणाचा फ्रिज आपल्या बॅटरीवर चालू करून देत होत्या. शेवटी सेठच्या दारात गेल्या. त्यांचं दुकान माझ्या समोरच, मी चुडा भरता भरता बघत होतो. सेठ गादीवर बसून साडीच्या खोक्याच्या झाकणानं वारा घेत होते.

"सेठ, लावू का?" मॅडमनी विचारलं.

"काय?"

"माझ्याकडून वायर टाकते. दोन ट्यूब, एक पंखा. एसी न्हाई चालणार."

सेठनी हातातलं झाकण खाली ठेवलं. "आणि बदल्यात गच्ची?"

"गच्ची तुमचीच हाय. मी लाईटचं विचारून राहिले."

सेठनी मान डोलावली. मॅडमनी स्वतः वायर ओढली. डीपी येईपर्यंत सेठचं दुकान त्या दोन ट्यूबवर चाललं. मॅडम गच्चीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी त्या गेल्या, तेव्हा सेठ दुकानात नव्हते. वर होते. गॅस कटर लावून माणसं जाहिरातीचा सांगाडा कापत होती.

सेठनी दिलं म्हटल्यावर गल्लीला वाटलं, यात काही तरी फायदा असणार. एकेक करत सगळे आले. तरी परवानग्या, ठेकेदार, कुणाच्या टाकीची सावली कुणाच्या पॅनेलवर याची भांडणं, यात दोन उन्हाळे गेले. मॅडम फळी टाकून या गच्चीवरून त्या गच्चीवर जायच्या. खालून आम्ही ओरडायचो, "मॅडम, पडाल!" त्या ऐकायच्या नाहीत. गच्च्यांना चुना मारून घेतला, त्यानं खालची दुकानं थंड झाली. जुने पंखे गेले, जुने एसी गेले.

अडलं ते माझ्या दुकानाशी. बांगडीचं दुकान म्हणजे दिव्यांचंच दुकान. उजेडाशिवाय बांगडी म्हणजे नुसती काच. मी छताला दाटीवाटीनं बल्ब लावले होते. भट्टीत बसल्यासारखं व्हायचं, पण काचेवर चांदण्या पडायच्या. मॅडम येऊन उभ्या राहिल्या की मी आधीच म्हणायचो, "हे न्हाई जमणार. पोट हाय माझं."

त्यांनी वाद घातला नाही. एका सुट्टीच्या दिवशी मिस्त्रीला घेऊन आल्या. माझ्या मागच्या भिंतीत वर एक जुना झरोका होता, माझ्या वडलांच्या काळात विटा घालून बुजवलेला. तो उघडला. त्याच्या खाली आरसा तिरका बसवला. बोळातलं ऊन झरोक्यातून आरशावर आणि आरशावरून बांगड्यांच्या फळीवर आलं. मी आयुष्यभर बांगड्या विकल्या, पण माझ्या मालातला निळा रंग किती प्रकारचा आहे, ते मला त्या दिवशी दिसलं.

"एक भरून बघा मॅडम," मी म्हणालो. त्यांचे हात नेहमी रिकामे असायचे. त्यांनी हात पुढं केला, तो इतका अवघडून की मला हसू आलं. हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या. मी निळ्या दोन भरल्या. त्यांनी हात उन्हात धरला, वळवून बघितला. मग विचारलं, "कामात फुटतील न्हाई का?"

"फुटल्या तर दुसऱ्या देतो."

"न्हाई. काढा." मी साबण लावून काढायला लागलो, तर म्हणाल्या, "थोडं थांबा." तशाच हात उन्हात धरून बसल्या. बराच वेळ. मग स्वतःच काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि वर गेल्या.

गल्लीनं घेतल्यापेक्षा जास्त पहिल्यांदा दिलं, त्या दिवशी गल्लीत कुणीच नव्हतं. आठवडी सुट्टी होती. दुपारी मॅडमचा फोन आला, "भाई, येता का?" मी देगलूर नाक्याच्या घरून गाडी काढून गेलो. काही झालं की काय, अशी धास्ती वाटत होती. सगळी शटरं खाली. गल्लीच्या तोंडाशी मोठं मीटर बसवलं होतं, त्याच्यासमोर मॅडम घरातली खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेजारी दुसरी खुर्ची. ती माझ्यासाठी आणली होती.

"बघा," त्या म्हणाल्या. "जाऊन राहिली."

मी मीटरवरचे आकडे बघितले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. "कुठं जाते?"

"पुढं. कुणाच्या तरी घरी."

बंद दुकानांच्या त्या गल्लीत आम्ही दोघं मीटरसमोर बसून राहिलो. एक कुत्रं सावली बदलत होतं. मॅडमनी डब्यातून खीर आणली होती, वाट्या दोन. खीर खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "पण ही शिल्लक खरी न्हाई भाई. सगळे निघून गेल्यावर उरलं, त्याला काय अर्थ? माणसं असताना उरलं पायजे."

ते दिवाळीच्या आधी जमलं. पाऊस संपून आभाळ धुतल्यासारखं झालं होतं, गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, सगळी दुकानं उघडी, आणि मीटर दिवसाच्या शेवटी देण्याच्या बाजूला राहिलं. मोबाईलवाल्यानं फटाक्यांची माळ लावली. सेठनी पेढे वाटले. एक पुढारी येऊन फीत कापून गेला. पेपरात फोटो आला. त्यात मॅडमची टोपी दिसते, चेहरा सेठच्या खांद्यामागं गेला आहे.

आणि मग जे झालं ते आमच्यातल्या कुणालाच आधी सुचलं नव्हतं.

गल्लीतली लाईट जायची बंद झाली. बाहेर गेली तरी जिन्याखालच्या बॅटऱ्यांवर गल्ली चालायची. पूर्वी पंखा थांबला की प्रत्येक जण बाहेर येऊन वर बघायचा आणि हाक मारायचा, "ओ मॅडम!" फ्यूज उडाला, मॅडम. ट्यूब लागेना, मॅडम. दिवसातून पाच-सहा वेळा तरी. आता हाक मारायला कारणच उरलं नाही. त्या स्वतः खाली यायच्या, दुकानादुकानाच्या दारात थांबायच्या.

"समदं ठीक हाय ना?"

"हाव मॅडम, एकदम ठीक." आणि दुकानदार पुन्हा गिऱ्हाईकाकडं वळायचा. यात कुणाचा दोष नव्हता. ठीक होतं तर ठीकच म्हणणार.

मंगळवारी त्या एकदा सवयीनं सेठकडं गेल्या. सेठ मुंबईच्या व्यापाऱ्याशी बोलत होते. "मॅडम, काही काम होतं का?" मॅडम म्हणाल्या, "न्हाई." परत आल्या, आणि मंगळवार तिथंच संपला. दुपारी एकला गच्चीवर मात्र जायच्या. आता तिथं उभं राहायला जागा नव्हती, सगळीकडं निळी पॅनेलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायच्या आणि फडक्यानं जवळचं एक पॅनेल पुसत राहायच्या. पुसलेलंच पुन्हा.

एका दुपारी मी हिशेब मिळवत बसलो होतो. माझ्या भिंतीला लागूनच जिन्याखालची बॅटऱ्यांची खोली, सगळ्या गल्लीचा मुख्य खटका तिथंच. तिची किल्ली मॅडमकडं. भिंतीपलीकडं 'खट्' असा जड आवाज आला, आणि गल्ली गेली. सगळे पंखे, सगळे फ्रिज, सेठचा सरकता दरवाजा, एकदम. क्षणभर तर लोकांना काय झालं तेच कळेना. मग एकेक जण रस्त्यावर आला, आणि खूप दिवसांनी ती हाक ऐकू आली. "ओ मॅडम! मॅडम, लाईट गेली!"

मॅडम जिन्याच्या दारातून बाहेर आल्या. टोपी घातलेली, टेस्टर हातात. चपलावाल्याकडं गेल्या, मोबाईलवाल्याकडं गेल्या. सगळे त्यांच्याभोवती. कुणी खुर्ची आणली, कुणी पाण्याचा ग्लास. सेठ स्वतः उतरून आले. "मॅडम, तुम्ही हायेत म्हणून बरं हाय, न्हाई तर आम्ही काय केलं असतं?" मॅडमचा चेहरा मी इतका उजळलेला कधी बघितला नव्हता. मग त्या खोलीत गेल्या, दार लावलं, जरा वेळानं पुन्हा तो जड आवाज आला आणि पंखे फिरायला लागले. गल्लीनं टाळ्या वाजवल्या आणि जो तो आपापल्या दुकानात गेला. रस्त्यावर ती रिकामी खुर्ची राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर मॅडम समोर.

"भाई, काल मीच पाडली."

"माहीत हाय मॅडम. आवाज आला मला."

त्या स्टुलावर बसल्या. "कुणालाच विचारलं न्हाई मी," त्या म्हणाल्या. "एवढ्या लोकांची लाईट. कुणालाच विचारलं न्हाई." "पाच मिनिटांचं तर काम," मी म्हणालो. "कुणाचं काय बिघडलं?" त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. जाताना बॅटऱ्यांच्या खोलीची किल्ली माझ्या गल्ल्यावर ठेवली. "ही तुमच्याकडं असू द्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी लातूरहून एक भांडेवाले आले. तिथल्या बाजारात त्यांची पितळी-स्टीलची पेढी. पेपरात वाचून गल्ली बघायला आले होते. मॅडमनी त्यांना सगळ्या गच्च्या फिरवल्या. जाताना ते म्हणाले, "आमच्याकडं मात्र हे व्हायचं न्हाई मॅडम. आमचे लोक लई भांडखोर. आणि लाईट तर उन्हाळ्यात रोज जाती."

"रोज?" मॅडमनी विचारलं.

"रोज."

महिन्याभरात त्यांनी लातूरला बाजारातल्या गोलाई चौकाजवळ एक खोली घेतली. जाताना सामान म्हणजे एक पेटी, एक पंखा आणि ती घरातली खुर्ची. गल्लीनं शाल-नारळ दिलं. वरचं घर बंद झालं. आम्ही सगळे म्हणालो, "मॅडम, येत जा." त्या म्हणाल्या, "काही बिघडलं तर कळवा."

काहीच बिघडलं नाही. काम इतकं पक्कं केलं होतं.

वर्षभरानं मी लातूरला गेलो. मालाचं काम नव्हतं, नात्यात लग्न नव्हतं. बायकोनं विचारलं, "मग कशाला चाललात?" मी पिशवी उचलली. एका बोळात लाकडी जिना, वर खोली. दार उघडंच होतं. मॅडम जमिनीवर बाजाराचा नकाशा पसरून बसल्या होत्या. मला बघून घाईनं उठल्या.

"काय बिघडलं? बॅटरी का?"

"काही न्हाई मॅडम. समदं ठीक हाय."

"मग मीटर?"

"न्हाई. मी सहजच आलो."

"सहज?" त्यांनी तो शब्द असा उच्चारला, जणू तेलंगणातून आलेल्या कुणी तरी तेलुगूत काही विचारलं आहे. मग त्यांना सुचलं की बसा म्हणायचं असतं. खुर्ची पुढं ओढली. कप एकच होता. तो मला दिला आणि स्वतः तांब्यातून चहा प्यायल्या. मी गल्लीचं सांगितलं, सेठच्या नातवाचं, माझ्या लेकीच्या नोकरीचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अधूनमधून त्यांची नजर नकाशाकडं जायची, मग त्या ती ओढून पुन्हा माझ्याकडं आणायच्या. इथं आतापर्यंत चारच गच्च्या झाल्या होत्या. "लोक खरंच भांडखोर हायेत," त्या समाधानानं म्हणाल्या.

चहा पिता पिता लाईट गेली. खालून कुणी तरी ओरडलं, "अहो बाई!" मला वाटलं आता उठतील. त्या दाराशी गेल्या, खाली वाकून म्हणाल्या, "थोडं थांबा. पाहुणे आलेत." आणि परत येऊन बसल्या. घामानं भिजत आम्ही बसून राहिलो.

निघताना त्या माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आल्या. मी नको म्हणत होतो. नांदेडची बस लागली होती, मी खिडकीशी बसलो. त्या खाली उन्हात उभ्या. माणसाला पोचवायला आल्यावर काय करायचं असतं, याची त्यांना सवय नसावी. जाहिरातीचे बोर्ड वाचत होत्या, मध्येच बसच्या चाकाकडं बघत होत्या. बस हलली, तेव्हा मी खिडकीतून हात केला. त्या गोंधळल्या. मागं वळून बघितलं, की हा हात दुसऱ्याच कुणाला आहे की काय. मागं कुणी नव्हतं. मग त्यांनीही हात वर केला. तो हलवायचा असतो हे बहुतेक त्यांना ठाऊक नव्हतं. बस वळेपर्यंत मला दिसत होतं, तो हात तसाच वर होता.